पेल्याआधी म्हशीचा जबडा बघा : गंगावेशीतला दूध कट्टा

कोल्हापुरात पाहुणा आला की त्याचा कार्यक्रम ठरलेला असतो. अंबाबाईचं दर्शन, दुपारी तांबडा-पांढरा, संध्याकाळी रंकाळा, जाताना चपला आणि गुळाची ढेप. दूध कट्टा, म्हणजे समोर म्हशीची धार काढून दूध देतात ती जागा, त्यात कसाबसा कोंबला जातो, तोही फोटोपुरता. म्हैस मागं, पेला हातात, मिशीला फेस, झालं. पाहुणा घरी जाऊन लिहितो, "दूध मस्त, गर्दी फार, पार्किंग नाही." हे वाचलं की माझं डोकं फिरतं. कट्ट्यावरची निम्मी मजा दूध पेल्यात पडायच्या आधीची असते आणि तिच्याबद्दल कुणी अक्षर लिहीत नाही. म्हणून हा लांबलचक अभिप्राय. ज्याला घाई आहे त्यानं शेवटचे दोन-तीन परिच्छेद वाचावेत आणि सुटावं.

मी कोण, ते सांगतो, म्हणजे पुढची बडबड कुठून येते ते कळेल. करवीर तालुक्यातल्या एका गावात मी दूध संस्थेचा सचिव होतो. सकाळ-संध्याकाळ संकलन, लॅक्टोमीटर बुडवून डिग्री बघायची, नमुना काढायचा, नळीत अ‍ॅसिड घालून फिरवायची आणि फॅट वाचायचं, यात सगळी नोकरी गेली. आता शहरात मुलाकडं असतो. सूनबाई हायस्कूलला संस्कृत शिकवते. घरात दुधाचा जाणकार मी आणि शब्दांची जाणकार ती, असा कारभार आहे.

पापाची तिकटी ओलांडून गंगावेशीकडं निघालात की संध्याकाळी कट्ट्याचा वास आधी येतो. शेण, ओली वैरण आणि ताजं दूध, तिन्ही मिळून. गवळी आपापल्या म्हशी आणून बांधतात आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना धार काढतात. तापवणं नाही, थंड करणं नाही, चरवीतनं सरळ पेल्यात. याला धारोष्ण म्हणायचं, धारेचीच ऊब असलेलं. म्हशीच्या अंगाचं तापमान ३८ अंशांच्या आसपास असतं, त्यामुळं पेला हाताला कोमट लागतो. वर बोटभर फेस. साखर मागितली तर मिळते, पण माझं ऐकाल तर मागू नका. दुधाला स्वतःची गोडी असते, ती फ्रिजमधल्या पिशवीतल्या दुधात गारठ्यामुळं जिभेला कळत नाही. इथं कळते.

हा कट्टा मूळचा तालमींच्या गावाचा. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ साली खासबागेचं मैदान झालं, पेठापेठांत तालमी नांदल्या, आणि पैलवानाचा खुराक दुधाशिवाय होत नाही. गवळी आणि तालीम एकमेकांना धरूनच जगले. आता कट्ट्यावर पैलवान कमी आणि जिमची पोरं जास्त दिसतात. ती पोरं दूध पितात आणि मोबाइलवर प्रोटीन किती ते बघतात. बघू देत. पितात ना, मग झालं.

म्हशींबद्दल दोन शब्द बोलायलाच पाहिजेत. पंढरपुरी म्हैस ओळखायला अभ्यास लागत नाही. खांद्याच्या पलीकडं गेलेली लांबच लांब शिंगं दिसली की ती पंढरपुरी. कमी वैरणीवर, उन्हातान्हात टिकणारी जात. पण कट्ट्याच्या कामाला तिचा खरा उपयोग वेगळा आहे. अनोळखी माणसं, गाड्यांचे हॉर्न, पोरांचा दंगा, एवढ्यात उभी राहून पान्हा सोडणं कुठल्याही जनावराचं काम नाही. बुजलेली म्हैस दूध वर चढवते, मग गवळ्यानं कास कितीही चोळली तरी उपयोग नसतो. कट्ट्यावरच्या म्हशी गर्दीला सरावलेल्या असतात. समोर आंबोणाची पाटी आली, सडाला हात लागला, की पान्हा घालतात. त्यालाही मिनिट-दोन मिनिटं लागतात. मागं एक पाहुणा घड्याळ बघत होता, तेव्हा गवळी त्याला म्हणाला, "पावणं, जरा दम धरा. हिला घाई कळत न्हाई."

आता संस्थेतल्या माणसाची एक टीप, फुकट देतो. एकाच म्हशीच्या एकाच धारेत सुरुवातीचं दूध आणि शेवटचं दूध सारखं नसतं. पहिल्या धारा पातळ असतात, फॅट कमी. कास रिकामी होत येईल तसं फॅट वाढत जातं, आणि शेवटच्या धारा सगळ्यांत दाट. म्हणून रांगेत पुढं घुसण्यात शहाणपण नाही. नवी म्हैस धरली की लोक पुढं सरकतात, तेव्हा मी मागं सरकतो. ज्याला हलकं दूध पचतं त्यानं पुढं उभं राहावं, ज्याला सायीचा घास पाहिजे त्यानं थांबावं. गवळ्याला हे ठाऊक असतं, तो सांगत नाही एवढंच.

थांबायचं म्हणजे करायचं काय? इथं कट्ट्याची ती निम्मी मजा सुरू होते. मोबाइल खिशात घाला आणि जिची धार अजून निघायची आहे अशी, बाजूला निवांत बांधलेली म्हैस बघा. तिचं तोंड चालू असतं, पण समोर वैरण नसते. खालचा जबडा एका बाजूला जातो, फिरून परत येतो. असं होता होता ती थांबते, गिळते. गळ्यातनं एक गोळा खाली जाताना दिसतो. क्षणभर काही नाही. मग तसाच गोळा खालून वर चढताना दिसतो आणि जबडा परत सुरू. नजर बसली की हे बघत राहावंसं वाटतं. डोळे अर्धे मिटलेले, कान मधूनच हलतो, आणि रस्त्यावरच्या सगळ्या गोंगाटाशी तिचं काही देणंघेणं नाही.

तर असाच उभा असताना शेजारी कॉलेजची दोन पोरं होती. तिसऱ्या मित्राबद्दल बोलत होती. त्याचं कुठं तरी जमता जमता राहिलं असावं. एक म्हणाला, "अरे, ते खुळं अजून त्याच गोष्टीचा रवंथ करत बसलंय." दुसरा हसला. आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर ती म्हैस खरोखरचा रवंथ करत उभी होती. मला तिच्या वतीनं राग आला. मराठीत हा शब्द माणसाला लावला की शिवीच होते. जुन्या आठवणींचा रवंथ, भाषणात त्याच मुद्द्यांचा रवंथ. चांगल्या अर्थानं कुणी म्हणत नाही. सखोल विचार केला असं सांगायचं असलं की लगेच आपण सोवळं नेसून चिंतन, मनन म्हणतो. ज्यानं गोठ्याच्या जिवावर पोट भरलं त्याला हे पटण्यासारखं नाही.

घरी येऊन सूनबाईला म्हटलं, हा शब्द आला कुठून ते सांग. मला वाटलं होतं गावरान शब्द असेल, गवळ्यांनी केलेला. ती म्हणाली, "मामा, हा तर अस्सल संस्कृत आहे. रोमंथ." रोमंथाचा रवंथ झाला तो ज्या वाटेनं ग्रामाचं गाव झालं आणि नामाचं नाव झालं त्याच वाटेनं. दोन स्वरांमधला म आपल्या तोंडात व होतो. एवढ्यावर ती थांबली असती तर मी जेवायला बसलो असतो. पण तिनं पाणिनी काढला.

पाणिनीच्या तिसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात पंधरावं सूत्र आहे : कर्मणो रोमन्थतपोभ्यां वर्तिचरोः। मला संस्कृत शाळेपुरतंच येतं, म्हणून तिनं उकलून सांगितलं तसं लिहितो. नामापासून क्रियापद कसं करायचं याचा तो नियम आहे. 'रोमंथ फिरवतो' याला एका शब्दात 'रोमन्थायते' म्हणायचं आणि 'तप आचरतो' याला 'तपस्यति'. दोन्हींसाठी मिळून एकच सूत्र. आता पाणिनी म्हणजे अर्धी मात्रा वाचली तरी आनंद मानणाऱ्या मंडळींचा मुकुटमणी. त्यानं जागा वाचवायला दोन शब्द एकत्र बांधले, बाकी हेतू काही नसेल. तरीपण म्हशीचा रवंथ आणि ऋषीचं तप एका दाव्याला बांधलेले बघून मी खुश झालो. त्या पोरांना हे सांगायला पाहिजे होतं.

पुढं गंमत अशी की या सूत्रावर वार्तिककारानं, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांना पुरवणी जोडणाऱ्यानं, एक अट घातली : हनुचलने, म्हणजे जबडा हलत असला तरच. कारण 'रोमंथ फिरवणारा' म्हटलं तर शेणाची गोळी लोटणारा किडाही त्यात बसू शकतो, आणि त्याला 'रोमन्थायते' म्हणायचं नाही. व्याकरण करणारे लोक एवढं बारीक बघत होते, याचा अर्थ ते गोठ्यात जाऊन उभे राहत होते. नुसती गोळी इकडून तिकडं लोटणं वेगळं आणि चावणं वेगळं. माझ्या ओळखीतल्या किती लोकांच्या 'चिंतनाला' ही अट लावता येईल, याचा मी विचार केला आणि नावं मनातच ठेवली.

मग कालिदास. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात दुष्यंत शिकार थांबवतो तेव्हा सेनापतीला म्हणतो की आता जनावरांना स्वस्थ राहू दे. त्या श्लोकाची सुरुवातच म्हशींनी होते : गाहन्तां महिषा निपानसलिलं शृङ्गैर्मुहुस्ताडितं. म्हशी डबक्यात उतरोत, शिंगांनी पाणी उडवोत. आणि लगेच हरणं : छायाबद्धकदम्बकं मृगकुलं रोमन्थमभ्यस्यतु. सावलीला घोळका करून बसलेल्या हरणांनी रवंथाचा अभ्यास करावा. रवंथ करावा असं म्हटलं असतं तरी भागलं असतं, पण कवीनं अभ्यास हा शब्द घातला. अभ्यास म्हणजे मुळात पुन्हा पुन्हा करणं. आपण पोरांना "अभ्यासाला बस" म्हणतो तोच हा शब्द. हरणांनी अभ्यासाला बसायचं ते रवंथाच्या. एक लक्षात घ्या, भीती असेल तर जनावर रवंथ करत नाही. शिकार थांबल्यावरच तो सुरू होणार. कालिदासानं हे कुठून बघितलं असेल ते असेल, पण आमचे जनावरांचे डॉक्टर गोठ्यात पाय ठेवला की पहिला प्रश्न तोच विचारायचे, "रवंथ करते का?" करत असेल तर निम्मी काळजी तिथंच संपायची.

सूनबाईचा कल अर्थातच मननाकडं. उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला सांगतो ती उतरंड तिला पाठ आहे. आधी ऐकायचं, मग मनन, मग निदिध्यासन. मन् धातूवरून मन, मनन, मत. निदिध्यासनातला धातू ध्यै, ज्यावरून ध्यान. शब्द मोठे आहेत, वाद नाही. चिंतनाबद्दल मात्र मला शंका आहे. चिंतन आणि चिंता ही एकाच धातूची लेकरं. संस्कृतात चिंता म्हणजे विचार असाही अर्थ होतो, मराठीत नुसती काळजी उरली. चिता मेलेल्याला जाळते आणि चिंता जिवंताला, हे सुभाषित सगळ्यांना ठाऊक आहे. अशा घरातला शब्द सखोल विचारासाठी वापरायचा म्हणजे जपूनच.

आणि विचार? हा शब्द उकलला तेव्हा मी खुर्चीत सरळ झालो. वि आणि चर्. चर् म्हणजे हिंडणं. त्याच चर् पासून आपलं चरणं, आणि त्याचाच चारा. पाणिनीच्या त्या सूत्रात तप जे 'आचरायचं' असतं तेही याच चर् चं. म्हणजे विचार करणं हे मुळात इकडं तिकडं हिंडणं आहे, एक घास इथला, एक घास तिथला. मराठीत तर आपण विचारणं म्हणजे प्रश्न करणं असंही केलं, तेही हिंडल्याशिवाय होत नाही. गुरं सकाळी रानात सुटतात तेव्हा हेच करतात. भराभर तोडायचं, धड न चावता गिळायचं, पोटात साठवायचं. मग सावलीला आल्यावर दुसरा डाव. विचार म्हणजे चरणं झालं, तर त्याच्या पुढच्या पायरीला रवंथच म्हणायला पाहिजे. सूनबाई म्हणाली, "मामा, हे व्याकरण नाही, ही तुमची कोटी आहे." असू दे. कोटीपोटाच्या माणसानं कोटी करावी.

कोटीपोटाचं सांगतो, कारण यातच दुधाचा अभिप्राय दडलाय. म्हशीच्या पोटाचे चार कप्पे. पहिला आणि सगळ्यांत मोठा तो कोटीपोट, नंतर जाळीपोट, पडदेपोट आणि शेवटी खरं जठर. उसाचं वाडं, कडबा, गवत हे माणसाच्या पोटात गेलं तर जसं गेलं तसं बाहेर येईल. म्हशीच्या कोटीपोटात सूक्ष्मजीवांची वस्ती असते, ती या तंतूंना कुजवून त्यातनं आम्लं तयार करते, आणि त्यातल्या अ‍ॅसिटिक आम्लापासून दुधातली बरीचशी चरबी बनते. पण सूक्ष्मजीवांना मोठ्या काड्या फोडता येत नाहीत. त्या बारीक करायच्या तर घास परत तोंडात आला पाहिजे. निरोगी जनावर एका घासाला साधारण ५० ते ६० वेळा चावतं आणि दिवसाचे सहा ते आठ तास यातच घालवतं. चावताना लाळ सुटते, तीही थोडीथोडकी नाही, मोठ्या जनावराची दिवसाला शंभर लिटरच्या वर जाते. लाळेत सोडा असतो, त्यानं पोटातली आम्लता ताळ्यावर राहते.

आता संस्थेतलं रोजचं नाटक बघा. शेतकरी यायचा, "सचिव, फॅट लागेना. सरकी वाढवली, पेंड वाढवली, तरी फॅट खालीच." मी विचारायचो, वैरण किती घालतोस? तर ती कमी केलेली असायची, कारण पैसे पेंडीत गेले. दाणा जास्त आणि वैरण कमी झाली की चावायला काही उरत नाही. रवंथ कमी, लाळ कमी, पोटात आंबट, आणि फॅट घसरलं. इतकी साधी साखळी आहे. महागाचं खाद्य घालून दूध पातळ होतं आणि कडब्यानं दाट होतं, हे समजावताना घसा कोरडा व्हायचा. रवंथाला नावं ठेवणाऱ्यांनी ही साखळी ध्यानात घ्यावी. म्हशीच्या दुधाला सहा-सात टक्के फॅट लागतं ते त्या निवांत हलणाऱ्या जबड्याच्या जोरावर. कट्ट्यावर फेसाखालची दाट चव तुम्ही पिता, तेव्हा दुपारभराचा रवंथच पीत असता.

इंग्रजांनी हा शब्द वर नेऊन ठेवला होता, हेही कळलं. रुमिनेट म्हणजे खोल विचार करणं, आणि मुळात रवंथ करणं. लॅटिनमधल्या रुमेनपासून आलेला. रुमेन हा शब्द मी नोकरीभर ऐकला होता, डॉक्टर कोटीपोटाला रुमेनच म्हणायचे. रोमंथ आणि रुमेन कानाला एका गोठ्यातले वाटतात, पण कानावर व्युत्पत्ती ठरत नाही, असं सूनबाईनं लगेच बजावलं. तर तिकडं हा शब्द कित्येक शतकं इभ्रतीचा होता. पुढं मानसशास्त्रानं त्याला आजाराच्या यादीजवळ आणलं. सुझन नोलन-होक्सेमा या अमेरिकन बाईंनी १९९१ साली मांडलं की उदास असताना आपल्या उदासीचीच, तिच्या कारणांची आणि परिणामांची उजळणी करत बसणाऱ्यांची उदासी जास्त दिवस टिकते. त्या उजळणीला त्यांनी नाव दिलं रुमिनेशन. म्हणजे कॉलेजच्या त्या पोरानं गंगावेशीत जे म्हटलं तेच.

मला बाईंच्या अभ्यासाबद्दल काही म्हणायचं नाही, तो खराच असणार. म्हशीच्या बाजूनं एवढंच म्हणेन की नाव चुकीच्या प्राण्याचं घेतलं. म्हैस एक घास वर आणते, बारीक करते, गिळते, तो पुढच्या कप्प्यात जातो, आणि मग दुसरा घास येतो. घास तोच तो नसतो. आणि उद्या सकाळी ती नवं चरायला जाते. ज्याचा घास पुढं सरकतच नाही त्याला रवंथ म्हणत नाहीत. गोठ्यात असं झालं, वायू कोंडला, की त्याला पोटफुगी म्हणतात आणि डॉक्टरला हाक मारतात. त्या मित्राला पोटफुगी झाली होती. रवंथ केला असता तर बरा झाला असता.

बरं, आता तक्रारी. अभिप्राय लिहायचा म्हणजे त्याही आल्या.

कच्च्या दुधाचं सोंग करू नये. म्हशीला क्षय किंवा ब्रुसेला नावाच्या जंतूचा रोग असेल तर तो दुधातनं माणसात येऊ शकतो, आणि नुसत्या डोळ्यांनी ते ओळखता येत नाही. डेअऱ्या ७२ अंशांना १५ सेकंद किंवा ६३ अंशांना अर्धा तास दूध तापवतात ते उगीच नाही. गरोदर बाई, लहान मूल, आजारी किंवा फार म्हातारा माणूस, यांनी कट्ट्यावर दूध पिऊ नये, घरी नेऊन उकळून प्यावं. "आमच्या आज्यानं जन्मभर प्यालं, काय झालं त्याला" हे उत्तर मला तोंडपाठ आहे, देऊ नका. ज्याचा आजा लवकर गेला तो कट्ट्यावर सांगायला येत नसतो. मी स्वतः पितो, पण जनावर बघून पितो. अंगावर चमक, नाक ओलसर, कास धुतलेली, आणि जबडा चालू. जबडा बंद, मान खाली, डोळे निस्तेज, अशा म्हशीचं दूध मी घेत नाही. बाकीच्या रोगांची खात्री या बघण्यानं होत नाही, हे परत सांगतो.

पेले. कुठल्याही कट्ट्यावर गर्दी वाढली की पेले बादलीतच विसळले जातात. मी पिशवीत घरचा स्टीलचा पेला नेतो. सुरुवातीला हसले, आता आणखी दोघं-चौघं आणायला लागलेत. बसायला धड जागा मिळत नाही, गुडघे दुखणाऱ्यानं भिंत बघून उभं राहावं. पावसाळ्यात पायाखाली काय आहे ते बघून चालावं, नवी पांढरी चप्पल घालून येऊ नये. गाडी लांब लावून चालत या.

शहरातल्याच एका कट्ट्यावर मला पाणी घातलेलं दूध मिळालं होतं. समोर धार काढतात तिथं पाणी कसं, असं विचाराल तर धार काढायच्या आधी चरवीत डोकवा. तळाशी पाणी आधीच असलं की धार खरी आणि दूध खोटं. जागेचं नाव लिहीत नाही, कारण आता तिथं दुसरी माणसं आहेत. चरवी उपडी करून दाखवा म्हणायला लाजू नका. सरळ गवळी हसून दाखवतो, आणि जो चिडतो त्याच्याकडं दूध घ्यायचं नाही.

दुधाला माझ्याकडून पाचपैकी साडेचार, स्वच्छतेला तीनच्या आत, माणसांना पाच. गवळी बोलायला मोकळे आहेत, पण धार चालू असताना प्रश्न विचारू नका, म्हैस बिथरते आणि तुमच्यामुळं सगळ्यांचा पान्हा जातो. लहान पोरांना जरूर आणा, त्यांच्यासाठी दूध बरोबर घ्या आणि घरी उकळा. दूध पिशवीत जन्मत नाही, एवढं तरी त्यांना दिसेल. दिवाळीच्या पाडव्याला आलात तर शहरात याच म्हशी शिंगं रंगवून, गळ्यात माळा घालून मिरवताना दिसतील, मालकाच्या गाडीमागं पळतानाही दिसतील. त्या दिवशी मात्र गर्दीत सावध राहा.

यायचं तर संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला या, तेव्हा म्हशी नुकत्याच येऊन स्थिरावलेल्या असतात. फार उशिरा आलात तर धारा संपलेल्या असतात आणि चरवीत उरलेलं मिळतं. जेवण करून येऊ नका, तांबड्या-पांढऱ्यावर तर अजिबात नको, त्याचे परिणाम दुसऱ्या दिवशीच्या प्रवासात भोगाल. सुटे पैसे ठेवा, दर आधी विचारा, आणि आपण कुठल्या म्हशीचं पिणार ते ठरवून मगच रांगेत उभे राहा. फेस प्यायचा की फुंकायचा यावर कट्ट्यावर दोन पक्ष आहेत. मी पिणाऱ्यांतला. फुंकून टाकणाऱ्यांनी निदान शेजाऱ्याच्या अंगावर तरी फुंकू नये.